विमलताईंची ओळ

धानाच्या रोवण्यात, भाताची रोपं लावताना, विमलताईंना गाणं सुचलं की चिखलात कागद-पेन कुठून आणणार? मग त्या रांगेतल्या एकेकीला एकेक ओळ पाठ करायला सांगत. संध्याकाळी आपल्या गावात, एकोडीत, दारोदार फिरत: "तुह्यापाशी ठेवलेली ओळ दे वं, बाई."

अशी नऊ गाणी जमली, तेव्हा त्या अड्याळला माझ्याकडे आल्या. मी शाळेत मराठी शिकवतो. घरातल्या एका खोलीला गाद्या लावून रेकॉर्डिंगची सोय केली आहे. त्यांना अल्बम करायचा होता. गाणी लेकींच्या शिक्षणाची, सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या पाण्याची. एकही रडकं नाही. म्हणायच्या, "दुःख तं सारेच गातेत, सर. मी उद्याचं गाते."

पहिलं गाणं होतं, 'माही लेक शाळेत जाते, वाट तिले ओळखते.' मी त्यांच्या वहीत लाल पेनाने 'माही'चं 'माझी' केलं, 'तिले'चं 'तिला'.

"ताई, पुण्यामुंबईची माणसं ऐकतील. हसतील."

त्यांनी मान डोलावली. गाताना त्या मांडीवर हाताने ठेका धरायच्या. 'तिला' आलं की हात थांबायचा. दोन दिवस मी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा गाऊन घेतलं. शेवटी रेकॉर्डिंग ऐकून त्या म्हणाल्या, "गानं साजरं झालं, सर. पन हे बाई कोन हाये? मी तं नाई वाटून राहिली."

मी चिडलो. "मग तुमचं तुम्ही करा," म्हणालो. त्यांनी वही पिशवीत घातली आणि पाया पडून गेल्या.

पुढे त्यांनी गावच्या बुद्धविहारात, रोवण्यातल्याच बायांना घेऊन, मोबाईलवर सगळी गाणी रेकॉर्ड केली आणि मलाही पाठवली. सुरुवातीलाच त्यांचा आवाज: "माइकसमोर कसं उभं राहाचं, ते मले अड्याळच्या सरांनी शिकवलं. त्यांचे उपकार हायेत." मी फोन न करता पुढे ऐकत राहिलो.

गाणं चालू असताना आई स्वयंपाकघरातून आली. दाराला टेकून तिने ते पूर्ण ऐकलं. मग हळूच विचारलं, "काहून रे, असं आपल्यावानी बोललेलं गान्यात चालते?"

शाळेतले लोक घरी आले की तू बोलू नकोस, असं तिला मीच बजावलं होतं.