ईश्वररावांचं इंग्लंडमधलं गाव

उल्हास पेंडशांच्या हातून आमटीचा डबा कलंडला आणि इंग्लंडमधलं सातशे वर्षांपूर्वीचं एक गाव बुडालं.

झालं ते असं. शहाऐंशीच्या जानेवारीत पेंडशांची गाडी बर्फात रुसली, म्हणून अमेरिकेतल्या त्यांच्या नेपरव्हिल गावच्या स्टेशनपर्यंत ते शेजारच्या ईश्वर गजभियांच्या गाडीत बसले. मागच्या सीटवर एक हाती काढलेला नकाशा पसरला होता. पेंडशांनी मागे वळून डबा त्याच्यावरच टेकवला. पहिल्या वळणावर व्हायचं ते झालं.

"दोन वर्षं लागली हो याला," गजभिये एवढंच म्हणाले. "रविवारी भाषणाला लागणार होता."

नकाशा पुसता पुसता पेंडशांनी तो नीट पाहिला. मधोमध दगडी चर्च, भोवती घरं, पट्ट्यापट्ट्यांची शेतं, आणि चर्चच्या भिंतीतल्या फटीएवढ्या खिडकीला लाल पेन्सिलीचा गोल. लाल का? पेंडसे म्हणजे दुधाच्या गॅलनवरची तारीख दुकानात एकदा आणि घरी एकदा वाचणारा माणूस. त्यांच्या डोक्यात किडा शिरला.

एरवी गजभिये अगदी सरळ माणूस. भंडाऱ्याकडचे, एकाहत्तर साली आलेले ड्राफ्ट्समन. कागदाला हात लावण्याआधी हात धुणार. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला यायचे नाहीत, पण स्टेजचं ड्रॉइंग मागितलं तर इंचाबरहुकूम काढून देणार. पण हल्ली त्यांना इंग्लंडहून पत्रं येत. पाठवणारा पाद्री! पत्ता पेंडशांनी चुकून वाचला होता, दोन वेळा. आणि रविवारी टाय लावून हा गृहस्थ जातो कुठं?

"ख्रिश्चन झाले असणार," पेंडसे बायकोला म्हणाले.

"होऊ देत की," विनीता म्हणाली. "तुम्ही आधी आमटीबद्दल सॉरी म्हणा."

"मग लाल गोल कशाला? तिथं काहीतरी पुरलेलं असणार."

"हो ना. नेपरव्हिलमध्ये बसून उकरणार आहेत."

एव्हाना गाडीचा रुसवा गेला होता. रविवारी पेंडसे दोन गाड्यांचं अंतर ठेवून पाठलागावर निघाले. चर्च आलं. पेंडशांनी श्वास रोखला. गजभिये चर्च ओलांडून पुढे गेले आणि पब्लिक लायब्ररीशी थांबले.

आत वीसेक गोरी म्हातारी मंडळी बसली होती. बहुतेकांचे पूर्वज म्हणे त्याच गावचे. भिंतीवर तोच नकाशा होता, कारण नवा काढायला चार दिवस पुरले नव्हते. पेंडसे कोट सांभाळत मागच्या खुर्चीत बुडाले. गजभिये शांतपणे सांगत होते: चर्च आधी कसं लाकडी होतं, मग दगडी झालं, प्लेगात निम्मं गाव मेलं, उरलेलं टेकडीपलीकडे सरकलं आणि चर्च शेतात एकटंच उभं राहिलं.

एका आजींनी हात वर केला. "ही पिवळी जागा दलदल होती का?"

गजभियांनी थेट मागच्या खुर्चीकडे पाहिलं. "नाही मॅडम, तुरीची डाळ."

हशा पिकला. मग त्यांनी लाल गोलावर बोट ठेवलं. महारोग्यांना आत मज्जाव होता, ते या खिडकीबाहेर उभे राहून प्रार्थना ऐकत, असं गावात सांगतात. पक्का पुरावा नाही, पाद्रीबुवा जुने कागद धुंडाळताहेत.

सगळे पांगल्यावर पेंडशांनी आधी सॉरी म्हटलं, मग नकाशा दोन्ही हातांनी धरून गाडीपर्यंत नेला. पण किडा काही जाईना.

"ईश्वरराव, एवढं चर्च सोडून तुम्ही या खिडकीच्याच मागे का लागलात?"

"कुठलंही गाव असो पेंडसे, बाहेर कोणाला उभं करत होते ते मी आधी बघतो."