वीसचा रिले

मोटरच्या जळालेल्या वाइंडिंगचा वास आला की मला वारूळवाडीची ती विहीर आठवते. विहीर दोघा भावांची, पाणी पाळीनं. जादा करंट गेला की मोटर बंद करणारा रिले दहा अँपिअरचा हवा होता; माझ्याकडचा संपला होता, म्हणून मी वीसचा बसवला. चार दिवसांत व्होल्टेज पडलं, करंट वाढला, तरी रिले ट्रिप झालाच नाही, मोटर जळाली. टोमॅटो ऐन तोडणीला आले होते. थोरला अंगावर आला, "वायरमन हाईस का कसाई?" मी घाबरून म्हणालो, "सोताच्या पाळीत मोटर बंद पडू नये म्हणून धाकट्यानंच रिले बदलला आसंल!" "दादा, म्या हातबी लावला न्हाई," धाकटा म्हणाला. थोरल्यानं त्याच्या मुस्काटात मारली. मी पान्हा घेऊन जळालेली मोटर खोलायला बसलो. आता त्या विहिरीवर दोन मोटरी आहेत. दोन्हींचे रिले मीच बसवले, बरोबर दहाचे.