अक्काच्या नावावरची तीन कर्जं

अक्का कोल्हापुरात फ्लॅट घेतेय हे मला तिच्याकडूनच फोनवर कळलं, ऑफिसात डबा खाताना. "पोरीला कॉलेजला यायचंय. हॉस्टेलला ठेवत न्हाय म्या. कळंबा रोडला बघून ठेवलाय," ती म्हणाली. तोंडातला घास गिळायला मला वेळ लागला. "छान की," एवढंच मी म्हणाले.

अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. दहावीला गणितात गेली आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, मुरगूडजवळच्या गावात. मी वर्गात पहिली यायची. बी.कॉम. झाले आणि गेली अठरा वर्षं शाहूपुरीतल्या एका कर सल्लागाराकडे लोकांची रिटर्न भरते. नवरा शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत आहे. आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहतो. अक्काने दोन म्हशींपासून सुरुवात करून चौदा म्हशींचा गोठा केला, पशुखाद्याचं दुकान टाकलं. तिचं रिटर्न मीच भरते, अर्थात फुकट. दर जुलैत तिचं उत्पन्न मी माझ्या बोटांनी टाइप करते आणि ते आम्हा नवरा-बायकोच्या पगारांपेक्षा जास्त असतं. त्या दिवशी घरी गेल्यावर मी कुणाशी नीट बोलत नाही. नवऱ्याला कारण माहीत आहे, तो विचारत नाही.

फ्लॅटचा फोन येऊन आठ दिवस झाले असतील, अक्का सकाळच्या एस.टी.ने थेट ऑफिसात आली. हातात प्लास्टिकची फाइल, चेहरा उतरलेला.

"बँकेनं कर्ज न्हाय म्हणून सांगितलं. माझ्या नावावर जुनी कर्जं थकल्यात म्हणं. म्या कवा घेतली गं?"

मी तिचा क्रेडिट रिपोर्ट काढला. तीन नोंदी खरंच होत्या. एक फ्रिजसाठीचं कर्ज, एक महिलांच्या गटाचं कर्ज, आणि एक टेम्पोचं. पहिली दोन बुडीत म्हणून दाखवलेली, तिसरं तडजोडीत बंद केलेलं. सगळी नऊ-दहा वर्षांपूर्वीची. अक्का स्क्रीनकडे वाकून बघत होती. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, सगळं इंग्रजीत होतं.

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. घरात सगळ्यांनी जिची उदाहरणं दिली तिच्या नावापुढे लाल अक्षरात 'थकबाकी' आलं होतं आणि ते मी वाचून दाखवत होते.

"यातलं एकबी तुझं न्हाय?" मी विचारलं.

"एकबी न्हाय," ती म्हणाली. पण हे म्हणताना तिने फाइलचं बटण लावलं, उघडलं, परत लावलं.

बिल्डरने तिला पुढच्या महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती, म्हणजे पाच आठवडे. मी म्हटलं, तू जा, मी बघते.

शनिवारी अर्धी रजा काढून मी पेठ वडगावला गेले. पहिली दोन्ही कर्जं तिथल्याच एका फायनान्सच्या शाखेतली होती. तिथल्या माणसाने आधी टाळाटाळ केली. मग अक्काचं पॅनकार्ड आणि तिची सही असलेलं पत्र पाहिल्यावर त्याने जुना अर्ज उघडला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"ताई, ही तुमची बहीण हाय का?"

अक्काच्या नावाखाली दुसऱ्याच बाईचा फोटो होता. गालफडं बसलेली, मोठं कुंकू, कॅमेऱ्याकडे बघताना ओठ घट्ट मिटलेले. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, आडनाव तेच. जन्माचं वर्षही तेच, फक्त तारीख वेगळी. तिच्या पॅन नंबरातलं एक अक्षर भरताना चुकलं होतं आणि तो नंबर नेमका अक्काचा झाला होता.

"न्हाय," मी म्हटलं.

"मग ऑनलाइन तक्रार टाका. आमच्याकडं आली की आम्ही दुरुस्त करून पाठवतो. तीन-चार आठवडं लागतील."

मला हायसं वाटायला हवं होतं. परतताना बसमध्ये खिडकीशी बसून मी त्या बाईचा विचार करत राहिले. फ्रिज घेतला, हप्ते जमले नाहीत, पुढे काय झालं असेल तिचं. आणि खरं सांगायचं तर थोडी निराशाही होती, की ती अक्का नव्हती.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत टेम्पोचं कर्ज बघायला गेले. ते ऑफिस कोल्हापुरातच होतं. फाइल निघाली. मुख्य कर्जदार आमचा धाकटा भाऊ. सहकर्जदार अक्का. पहिलं अक्षर मोठं काढून पुढची एकमेकांना चिकटवलेली तिची सही मी कुठेही ओळखली असती. भावाने शेवटचे काही हप्ते भरले नव्हते, कंपनीने थोडी रक्कम सोडून खातं बंद केलं होतं.

मी सहीखालची तारीख दोनदा वाचली.

त्याच वर्षी आम्हाला एक लहानसं घर मिळत होतं, एक खोली आणि स्वयंपाकघर. बँकेला जामीनदार हवा होता. मी मुरगूडला जाऊन अक्काला विचारलं होतं. "आमच्यात बायकांनी जामीन ऱ्हायची पद्धत न्हाय," असं म्हणून तिने मला जेवू घालून परत पाठवलं होतं. ते घर गेलं. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी तिने भावासाठी सही केली होती.

पहिल्या दोन कर्जांची तक्रार टाकायला दहा मिनिटं लागली असती. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होते. मी ती टाकली नाही. रोज संध्याकाळी अक्काचा फोन यायचा, "झालं का गं?" आणि मी सांगायचे, "साइट चालंना." असे बारा दिवस गेले. त्या बारा दिवसांत मी दुसऱ्यांची कामं मात्र चोख केली.

बाराव्या दिवशी, रविवारी, मी मुरगूडची बस पकडली. अक्का गोठ्यात होती, घमेल्यात पेंड कालवत.

"तिसरं कर्ज तुझंच हाय," मी दारातूनच म्हटलं.

तिचा हात थांबला नाही. "व्हय."

"मग एकबी न्हाय म्हणून कशाला सांगितलंस?"

"तुला कळू ने म्हणून."

"त्याला सही दिलीस आणि मला न्हाय."

आता ती उठली. कोपरापर्यंत पेंड लागलेली. "तो येऊन उंबऱ्यात बसला. दोन दिस जेवला न्हाय. तू आलतीस तवा कागदावर आकडं मांडून आणलंवतंस. व्याज म्हंजे काय, जामीन म्हंजे काय, मला समजावून सांगत बसलीस. नापास पोरीला शिकवत्यात तसं. माझ्या सासूसमोर. मला राग आला, म्हणून न्हाय म्हटलं. पद्धतबिद्धत काय न्हवती."

मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तुला कॉलेजला घातलं तवा म्या हितं शेण काढत हुतो," ती म्हणाली. "आई पत्रात तुझं मार्क लिहून पाठवायची. मला मार्क नगं हुतं. मला वाटायचं, एकदा तरी लिवावं, तू कशी हाईस."

आयुष्यभर मी तिचा हेवा केला होता. ती माझा करत असेल हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं, आणि आलं तेव्हा मला बरं वाटलं नाही. उलट हेवा करायचा हक्कही तिने माझ्याकडून काढून घेतल्यासारखं वाटलं. मी चहा न घेता निघाले. घरी पोहोचल्यावर आधी ऑफिसची चावी घेतली, जाऊन कॉम्प्युटर सुरू केला आणि तक्रार टाकली.

टेम्पोच्या कर्जात सोडलेली रक्कम अक्काने त्याच आठवड्यात भरली आणि येणेबाकी नसल्याचा दाखला घेतला. भावाने फोन उचलला नाही. वडगावची दुरुस्ती साडेतीन आठवड्यांनी झाली, एका गुरुवारी. पण महिनाअखेर त्याआधीच्या सोमवारी होती. बिल्डरने मंगळवारी फ्लॅट दुसऱ्याला दिला.

मी हिशेब करायला नको होता, पण केला. बारा दिवस आधी टाकली असती तर रिपोर्ट वेळेत आला असता.

अक्का दुरुस्त झालेला रिपोर्ट घ्यायला आली. ऑफिसखालच्या गाड्यावर आम्ही चहा घेतला. ती म्हणाली, "तू एवढी धावपळ केलीस, तरी गेला." तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. मी सांगितलं. साइट चालू होती, मीच टाकली नाही.

"किती दिस?"

"बारा."

तिने कप बाकावर ठेवला. अर्धा चहा तसाच होता. "सकाळचं ऊन येत हुतं गं त्या फ्लॅटात," ती म्हणाली आणि स्टँडकडे चालू लागली. मी मागून हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही.

दीड महिना तिचा फोन आला नाही. मी दोनदा केला, भाचीने उचलला आणि "आई गोठ्यात हाय" असं सांगितलं. जुलै आला. या वर्षी ती रिटर्न दुसऱ्याकडे देणार असं मी धरून चालले होते. एके दिवशी कंडक्टरच्या हाती एक पिशवी आली. आत तिचे सगळे कागद, दुकानाची वही, बँकेचं पासबुक. चिठ्ठी नाही. मी रिटर्न भरलं. आकडा गेल्या वर्षीपेक्षा मोठा होता आणि नेहमीसारखाच खुपला. तरी मी प्रत्येक ओळ दोनदा तपासली. पावती पाठवून फोन केला. या वेळी तिने उचलला.

"भरलंस?"

"भरलं."

"बरं," ती म्हणाली. "दुसरा फ्लॅट बघितलाय. रविवारी येतो. चल संगं."

तो फ्लॅट त्याच रस्त्याला होता, पहिल्या मजल्यावर. बेडरूमच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. किंमतही जास्त. अक्काने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कर्ज मंजूर झालं. दिवाळीनंतर वास्तुशांत केली.

त्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. "तुम्ही दोघं ऱ्हावा की हितं, पोरीसंगं. भाडं वाचंल. पोर एकटी न्हाय ऱ्हायची."

तिचा सूर सरळ होता, उपकाराचा नव्हता. माझा नवरा दाराशी उभा होता, त्याने ऐकलं. मी लगेच म्हटलं, "नको."

"का गं?"

"रोज तुझ्या घराचं दार उघडून आत जायला मला जमणार न्हाय, अक्का."

ती हसली, पण डोळे भरलेले होते. "खरं बोललीस," ती म्हणाली आणि माझ्या हातात पुरणपोळ्यांचं ताट दिलं. "जा, वाढ जा."

रिक्षातून घरी जाताना नवरा म्हणाला, "भाडं वाचलं असतं." मी म्हटलं, माहीत आहे.

हल्ली गुरुवारी मी भाचीला डबा देऊन येते. ती अभ्यासाचं विचारते, मी बसते तासभर. ओट्याचा काळा दगड, नळाला चोवीस तास पाणी, कपाटांची गुळगुळीत दारं, सगळं मला आजही दिसतं आणि टोचतं. मागच्या गुरुवारी अक्काही आली होती. कर्जाच्या हप्त्याचा मेसेज आलेला, तो तिने मला वाचायला दिला. "हे काय लिवलंय, सांग की," ती म्हणाली. मी सांगितलं. या वेळी समजावून नाही, फक्त वाचून दाखवलं.