चांदूर बाजार ते अकोला, धडाम धडाम करत

लग्नाचं जेवण चार वाजता पडलं, तर बोल मले काहून लावता? गंज माझे, ट्रक लेक प्रकाशचा, मी मधात फक्त बसली होती.

बरं, जय भीम. अकोल्याले बहिणीच्या नातवाचं लग्न होतं. तीनशे पानांचा स्वयंपाक माझ्या मोठ्या गंजांत व्हायचा होता, म्हणून सकाळी सहाले चांदूर बाजारातून निघालो. प्रकाशचा ट्रक म्हणजे पेट्रोलवरचा जुना ठोकळा. टाकीचं झाकण आदल्या दिवशीच हरवलं. मग मी टाकीचं तोंड लोणच्याच्या बरणीसारखं बांधलं. दोन प्लास्टिकच्या पन्न्या, वर फडकं, सुतळीचे सात वेढे. माझ्या बरणीत दोन वर्षं बुरशी येत नाही.

अमरावतीपर्यंत रस्ता चांगला, ट्रकच अडखळून राहिला होता. एक्सिलेटर दाबला की गप्प, मग मागून धडाम. अमरावतीच्या मिस्त्रीनं फडकं सोडून पेट्रोल पाहिलं, प्लग बदलले. ट्रक पळाला. मी टाकी पुन्हा बांधली. तिथं गिला वडा खाल्ला. दही आंबट होतं, तुमी गेले तर आधी चाखा.

बडनेऱ्यापुढं पुन्हा धडाम. नेमकी एक वरात चालली होती, पोरं आमच्याच मागं नाचाले लागले. नवरदेवाचा काका खिडकीशी आला.

"आजी, अजून दोन फटाके फोडा. घोडी सवयीची हाय."

"आमच्या हातात नाही, बाप्पा."

दुसऱ्या मिस्त्रीनंही फडकं सोडलं, पेट्रोल पाहिलं, कार्बोरेटर धुतला. ट्रक पळाला. या खेपेले मी सतरा वेढे दिले.

मूर्तिजापूरले बारा वाजता ट्रक पार बसला. बहिणीचा फोन आला, "पाहुणे येऊन बसले. वरण बादलीत शिजवू काय?"

तिथले सलीमभाई मिस्त्री इंजिनाकडं गेलेच नाहीत. म्हणे, "गाडी बरी कधी होते?"

प्रकाश म्हणाला, "कोणी टाकी पाहिली की."

त्यांनी सुतळी कापली. टाकीनं सूंऽऽ करून हवा ओढली, जशी डोहातून वर आलेली म्हैस.

"अम्मा, पेट्रोल खाली जाते तर वरून हवा याले पायजे नं? तुमी गळा दाबून राहिले."

त्यांनी पन्नीले दाभणानं एक भोक पाडलं. झाली दुरुस्ती.

"माय, वेढे किती दिले होते?" प्रकाशनं विचारलं.

"सतरा. काम करावं तर नीट करावं."

अकोल्यापर्यंत मग एक आवाज नाही. लग्न लागून गेलं होतं, वऱ्हाडी भिंतीले टेकून झोपले होते.

घरी गंज मोजून आले, एकाले पोचा हाय. कापलेली सुतळी मी मागून आणली, गाठ मारली की चालते. जुन्या गाडीनं जाणाऱ्यांनी झाकण हरवू नये, एवढंच सांगते. बहिणीनं अजून विचारलं नाही टाकी कोणं बांधली होती. विचारायचा फोन आला की प्रकाशनंच उचलावा. ट्रक त्याचा हाय.