म्हाळसाक्काचा अंदाज

म्हाळसा वाटेवर जन्मली. दिवाळी उरकून इंदापूरकडच्या वरकुट्याहून निघालेला मेंढ्यांचा वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाडं, मुळशीच्या अलीकडे पोचला होता. ज्या शेतात मेंढ्या बसल्या होत्या, त्या शेतकऱ्याच्या बायकोनं पाणी तापवून दिलं, बाळाला गुंडाळायला स्वतःचं मऊ लुगडं फाडून दिलं. दुसऱ्या दिवशी तान्ही पोर घोड्यावरच्या झोळीत, एका कोकराशेजारी, पुढच्या गावाला निघाली.

तिला आठवतं ते लहानपण असंच, रोज नव्या शेतातलं. मेंढ्या एका रात्रीत रानाला जे खत देतात, ते शेतकऱ्याला हवं असतं. म्हणून तो धनगराला बोलावतो, मेंढ्या बसवायला जागा देतो, विहिरीचं पाणी देतो, धान्य देतो. तिचे वडील दादासो या घासाघिशीत फार तरबेज होते. धान्य कमी वाटलं की ते भांडत नसत. पहाटे उठायचे, मेंढ्यांभोवतीची जाळी गुंडाळायचे, भांडी, अंथरुणं आणि कोंबड्या घोड्यावर लादायचे आणि घोड्याची दोरी धरून शांतपणे उभे राहायचे. मग बांधावरून शेतकरी पळत यायचा. "आबा, असं कुठं निघाला? आजची रात बसा की!" दादासो आभाळाकडे बघायचे. शेतकरी आणखी धान्य कबूल करायचा. मग घोड्यावरचं सामान उतरायचं.

"आपून विनवायचं न्हाय," ते लेकीला सांगायचे. "विनवलं की भाव पडतो."

म्हाळसाचं लग्न बारामतीजवळच्या जळोचीत झालं. नवरा राम. त्यांच्याही मेंढ्या होत्या, पण चरायची रानं एकेक करून प्लॉट झाली तशा त्या विकल्या, आणि राम दुधाचा टेम्पो चालवू लागला. म्हाळसा औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये शिलाईचं काम शिकली. तिथं लहान मुलांचे कपडे शिवायचे: झबली, टोपडी, फुगीर बाह्यांचे झगे. उभ्या जन्मात तिनं सुई फक्त फाटलं शिवायला धरली होती. पण तिचा हात चालला आणि त्याहून तिचं तोंड चाललं. काही वर्षांत ती लाइनीची प्रमुख झाली. बायका तिला म्हाळसाक्का म्हणू लागल्या आणि भांडणापासून सुट्टीपर्यंत सगळं तिच्यापाशी आणू लागल्या.

मालक राजवर्धन पुण्याचा, चाळिशीच्या आतला, हळू आवाजात बोलणारा. दिवाळीआधी एका दुपारी जेवणाची सुट्टी संपता संपता तो लाइनीत येऊन उभा राहिला. म्हणाला, शेड इंदापूरला न्यायचा विचार पक्का होत आलाय. सरकारच्या धोरणात तालुक्यांचे गट पाडलेले असतात. जिथं उद्योग कमी, तिथं सवलती जास्त. त्याच्या धंद्याला तिकडं वीज स्वस्त पडणार होती, जागेच्या व्यवहारावरचं मुद्रांक शुल्क माफ होतं, कराचा काही भाग परत मिळणार होता. हे सगळं सांगून तो थांबला. जणू कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून.

सगळ्यांनी म्हाळसाक्काकडे पाहिलं. ती बाहीला चुण्या घालत होती.

तो गेला तसा गलका झाला.

"आक्का, आता गं?" निकितानं विचारलं. लाइनीत सगळ्यात लहान तीच, लग्न होऊन नुकतीच जळोचीत आलेली.

"काय न्हाय," म्हाळसाक्का म्हणाली. "सरकार म्हंजी शेतकरी. रान रिकामं पडलंय, म्हणून धान्य दाखवून वाडा बोलवतंय. आन कंपनी म्हंजी मेंढरं."

"मग आपून कोण?" मागून प्रयागबाईचा आवाज आला. "लेंड्या?"

प्रयागबाई पणदऱ्याची, घरचा ऊस, गोठ्यात म्हशी, आणि जीभ कोयत्याची. सगळी लाइन खोखो हसली. ऑफिसच्या काचेपलीकडून राजवर्धननं मान वर करून पाहिलं.

"हसा," म्हाळसाक्का म्हणाली, "पर ध्यानात ठेवा. ह्यो नुसता घोडं लादून उभाय. हितल्या जागेचं भाडं कमी करून घ्यायचं आसंल. कुणी विनवायचं न्हाय, कुणी रडायचं न्हाय. बघा, उतरतंय का न्हाय घोडं."

आणि बायकांनी ते मानलं. राजवर्धन दिसला की मुद्दाम गप्पा मारायच्या, मुद्दाम हसायचं. एकदा त्यानं चहा सांगितला आणि उगाच रेंगाळत विचारलं, "काय, कसं चाललंय सगळ्यांचं?" "झ्याक!" सगळ्या एका सुरात म्हणाल्या. तो चहा न पिताच गेला.

मग दिवाळीनंतर एका सोमवारी शेडच्या दारात टेम्पो लागला. चार हमालांनी पहिलं मशीन उचललं, ते नेमकं प्रयागबाईचं.

प्रयागबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "म्हाळसे," ती म्हणाली, "तुजं घोडं टेम्पोत बसून निगालं की गं!"

या वेळी कुणी हसलं नाही. निकिताचे डोळे भरले. एकीनं मुलीला बारामतीच्या कॉलेजात घातलं होतं, दुसरीनं याच पगाराच्या भरवशावर सासऱ्यांना न विचारता घराला रंग काढला होता. साऱ्या जणी तिच्याकडे बघत होत्या, आणि रागापेक्षा त्या नजरेत अजूनही विश्वासच होता. म्हाळसाला तो रागापेक्षा जड गेला. आता आपल्या बोलण्यावर थांबलेल्यांचं काय?

तिनं पदर खोचला आणि काचेचं दार ढकललं.

"साहेब, खरंच चाललात?"

राजवर्धननं पेन खाली ठेवलं. "खरंच म्हणजे? दिवाळीआधी सांगितलं की मी."

"सांगितलंत. पर आमाला वाटलं..." आणि तिनं सांगून टाकलं. दादासो, पहाट, घोडं, बांधावरून पळत येणारा शेतकरी. सांगताना तिचं तिलाच कसंतरी झालं. राजवर्धन आधी बघतच राहिला, मग इतका हसला की बाहेर हमालांनी मशीन टेकवलं.

"अहो, आणि मी काय समजून बसलो माहितीये? मी सांगितलं तेव्हा तुमच्यातल्या एकीनंही विचारलं नाही, आमचं काय म्हणून. उलट सगळ्या हसत सुटलात! मला वाटलं, शेजारच्या शेडनं तुम्हाला आधीच बोलावलंय. म्हटलं, एवढी वर्षं बरोबर काढली, आणि यांना काहीच वाटत नाही."

"आवो, वाटतं की! वाटतंय म्हणूनच तर गप बसलो."

"तिकडं बरीचशी स्थानिक माणसं घ्यायची अट आहे, ती मिळतायत," तो म्हणाला. "पण बाही कशी लावायची हे एकीलाही येत नाही. ऑर्डर तोंडावर आलीये. झोप उडालीये माझी."

"मग आमाला न्यायचं."

"इंदापूरला? रोज? तुम्ही आला असतात?"

"तुमी इचारलंत का?"

"तुम्ही विचारलंत का?"

बाहेर हमालानं मालकाला हाक मारली, दुसरं मशीन उचलायचं का. म्हाळसानंच ओरडून सांगितलं, "उचला, पर नीट! तितं आमालाच चालवायचंय."

पुढचे काही दिवस ती घरोघर हिंडली. राजवर्धननं बस कबूल केली होती, पणदऱ्याहून निघून जळोची घेऊन इंदापूर. तरी सगळ्यांना जमणार नव्हतं. ज्यांची पोरं अंगावरची होती, त्यांच्यासाठी तिनं वसाहतीतल्याच दुसऱ्या शेडमध्ये शब्द टाकला. यावेळी अंदाज न बांधता, स्पष्ट विचारून. त्यातली एक तरीही घरीच राहिली, आणि रस्त्यात भेटली की म्हाळसाशी तुटक बोलते.

पणदऱ्याला प्रयागबाईचे यजमान तात्या बाजेवर बसले होते. "इंदापूर?" ते म्हणाले. "काय नडलंय? घरी म्हशी हायत की."

"तात्या, म्हशी तुमी पिळा," म्हाळसा म्हणाली. "हात तर रिकामंच दिसत्यात."

प्रयागबाई आतून मोठ्यानं हसली. तात्याही हसले, पण दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या धारा खरोखरच त्यांच्याकडे आल्या.

आता बस पहाटेच्या गारव्यात उसाच्या फडांमधून निघते. खिडकीवरून रोज भांडण होतं. इंदापूरच्या नव्या शेडमध्ये वरकुट्याच्याही बायका आहेत, त्यांत म्हाळसाची नकोशी नावाची भावजय. नणंदेच्या हाताखाली काम शिकायचं म्हणून ती आधी फुरंगटली, मग चुण्या अशा घालू लागली की म्हाळसानं तिला लाइनीत पुढं बसवलं.

परवा नकोशीनंच विषय काढला. "आक्का, गावात बोलत्यात, सवलत संपली की मालक फुडं जाणार. परराज्यात लई देत्यात म्हनं. तुमाला काय वाटतं वो?"

आसपासची मशिनं थांबली. म्हाळसानं दोरा दातानं तोडला.

"मला काय वाटतंय ते इचारू नगं," ती म्हणाली. "ऊठ. साहेब हितंच हायत, त्यांनाच इचारू."

तिनं नकोशीचा हात धरला आणि दोघी ऑफिसकडे चालू लागल्या. मागं प्रयागबाईनं मशिनचं बटण बंद केलं.

"थांबा गं," ती म्हणाली, "मीबी येते."