पन्ह्याची लदीन

मी देवाकडे पुष्कळ मागितलं, पण मागताना लबाडी करत होते, हे मला फार उशिरा कळलं. रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची, गुडघे दुखेपर्यंत म्हणायची आणि शेवटी एकच मागणं: माझ्या बेनूला दारूतून सोडव. कुणी ऐकतंय की नाही, याचीच मला शंका यायला लागली होती. पवित्र मरिया आई आहे म्हणतात ना, मग एका आईचं ऐकायला तिला एवढा वेळ का लागावा, असं मी तिच्या तसबिरीला तोंडावर विचारायची. माझी जीभ पहिल्यापासून फटकळ. देवळातसुद्धा ती गप्प बसत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आगाशीच्या अलीकडे आमची केळीची वाडी. मे महिन्यात गावच्या क्रूसाजवळ रोज संध्याकाळी लदीन व्हायची, म्हणजे सगळ्या गावानं मिळून म्हणायची प्रार्थना. रोज एका घराची पाळी. ज्याची पाळी त्यानं लदीन संपली की उकडलेले चणे वाटायचे आणि पुरुषमंडळींना छोट्या पेल्यातून घरची दारू द्यायची. ही रीत माझ्या सासूच्याही आधीची. बेनूला सोळावं लागलं त्या वर्षी तो गावच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोटा पितळी कर्णा, वाजवायला लागला. आमच्या पाळीला त्यानं मरियेचं गाणं असं काही वाजवलं की म्हाताऱ्या बायका डोळे पुसायला लागल्या. माझी छाती फुगली. त्या भरात मी तबकातला एक पेला उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "घे रे, आता माणसांत आलास!" सगळे हसले. त्यानं तोंड वाकडं केलं आणि पिऊन टाकली. मीही हसले. हसले, हे लिहिताना आज लाज वाटते, पण खरं ते लिहायला हवं.

पुढचं सांगायला नको. लग्नसराईत बँडवाल्यांना घरोघर पेला मिळतो. मोठी माणसं त्याला सांगायची, "घेतल्याशिवाय दम टिकत नाय, पोरा." पेल्यामागून बिडी आली. वर्षभरात पोराचा दम वाढायच्या ऐवजी आटला. वरचा सूर लावायला गेला की खोकला यायचा. शाळेचं दप्तर खुंटीला आणि हा कुणाच्या तरी ताडाखाली. ह्यांनी दोनदा मारलं, मी रडले, शपथा घातल्या. तो आमच्या शपथा ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी डोळे लाल करून यायचा.

पुढच्या मे महिन्यात, आमच्या पाळीला आठ दिवस राहिले असताना, बेनू सकाळच्या लग्नाला वाजवायला गेला तो दुपार झाली तरी जेवायला आला नाही. मी क्रूसाजवळ जाऊन बसले. ऊन रणरणत होतं. मी म्हटलं, "माऊली, आमचं कुणाचं तो ऐकत नाही. ज्याचं ऐकेल असं एखादं माणूस तरी धाड." एवढं म्हणते न म्हणते तोच मागच्या वाडीतून कुणा बाईचा आरडाओरडा ऐकू आला. मी धावले.

आमच्या वाडीत बावखल आहे, झाडांना शिंपायचं पाणी त्यातून घेतो. त्याच्या उतरत्या काठावर एक कोळीण कासोटा खोचून उभी होती. मासळीची टोपली बाजूला, आणि तिच्या मुठीत माझ्या बेनूची कॉलर. तो डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, डोळे मिटलेले, ओकून झालेलं. कॉर्नेट गवतात पडलं होतं.

"जिता हाय, घाबरू नको," ती म्हणाली. "रोज मी खालच्या वाटंनं जाते. आज मावरं खपलं नाय, म्हनून वरनं आले. तर हा भोंगा कानावर आला! मला वाटलं कुनाचा रेडा चिखलात रुतला. बगते तर हा कंबरंइतक्या पान्यात बसून वाजवतोय. माज्या डोळ्यादेखत आडवा झाला. जरा उशीर झाला असता तर गेला होता पान्याखाली."

आणि तिनं त्याच्या तोंडावर ओंजळ ओंजळ पाणी मारत त्याला जे काही ऐकवलं, ते मी इथे लिहू शकत नाही. एवढी मोठ्या तोंडाची मी, पण तिच्यापुढे मी म्हणजे मुकी गाय! बेनूनं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट उठून बसला. तिनं त्याला कुशीशी धरलं. म्हणाली, "माजा थोरला असाच पिऊन होडीत चढला. दर्या कुनाची गय करत नाय रे बाबा. तुज्याएवढाच होता." मग तिला हुंदका आला. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून माझा पोरगा लहान मुलासारखा रडला.

थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, "याला पहिली कुनी पाजली गं?"

नवऱ्याला सांगितलं नव्हतं, फादरना पापनिवेदनात सांगितलं नव्हतं. त्या अनोळखी बाईला मी सांगितलं, "मीच."

तिनं मला शिवी दिली नाही. टोपली डोक्यावर घेत एवढंच म्हणाली, "मंग तूच काढून घे, बाय. देव काय येऊन पेला हिसकून घेनार नाय."

मी काठावर तशीच बसले. वर्षभर मी देवाला म्हणत होते, त्याच्या हातातला पेला घे, आणि माझ्या हातातलं तबक काही मी खाली ठेवायला तयार नव्हते. आठ दिवसांनी आमची पाळी होती आणि दारूची मोठी बाटली कपाटात भरून तयार होती!

घरी येऊन ती बाटली मी शेणाच्या खड्ड्यात ओतली. ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गाव नावं ठेवील." मी म्हटलं, "ठेवू दे, नाव ठेवायला पैसे पडत नाहीत."

आमच्या पाळीच्या संध्याकाळी चण्यांबरोबर कैरीच्या पन्ह्याचा हंडा ठेवला. पेले तेच. कुजबुज सुरू झाली. एक मामा तर मोठ्यानं म्हणालेच, "आमी काय बाळंतीण हाय, पन्हं प्यायला?" हशा पिकला. मी त्याच जागी, सगळ्यांसमोर, बेनूपुढे पेला धरला आणि म्हटलं, "गेल्या वर्षी मी चुकले, बाळा. तो पेला परत दे, हा घे." हशा थांबला. बेनूला ते आठ दिवस फार जड गेले होते. त्यानं पेला घेतला, एका दमात प्यायला आणि म्हणाला, "आय, अजून दे." ह्यांनी दुसरा पेला उचलला. मग मामांनीही उचलला, आणि वर तीन प्याले!

बेनू एकदम सुधारला असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात एकदा घसरला, पण या वेळी स्वतः येऊन सांगितलं. नाताळात त्यानं वरचा सूर लावला, न खोकता. मी देवळात सगळ्यांच्या पुढे टाळी वाजवली आणि फादरांनी डोळे वटारले, तरी मी वाजवतच राहिले.

ती कोळीण त्या लदीनीला आली होती. मागे उभी राहून पन्हं प्याली आणि मला म्हणाली, "मीठ कमी हाय." तेव्हापासून दर वर्षी ती येते, क्रूसाला जास्वंद वाहते आणि मिठाची खोड काढते. मीही दर वर्षी मुद्दाम चिमूटभर कमीच घालते. मागितलं तेव्हा माऊलीनं एक बाई धाडली, तीही माझ्याहून फटकळ. आता मी तेर्स म्हणायला बसते तेव्हा आधी हात बघते, रिकामे आहेत ना. मग मागते.