टेम्पो जातो कुठं?

सरोजिनी खडतकर आमच्या धायरीच्या सोसायटीत राहायला आल्या त्या २००७ साली, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त होऊन. मूळच्या अकोल्याकडच्या. लग्न होऊन खडकीच्या क्वार्टर्समध्ये आल्या, नवरा लवकर गेला आणि त्याच्या जागी त्या कामाला लागल्या. तपासणी विभागात तीस वर्षं काढली. माल आणि कागद जुळल्याशिवाय काहीही पुढं सोडायचं नाही, हे त्यांचं काम. नोकरी संपली, पण सवय संपली नाही. दूधवाला, लिफ्टची दुरुस्ती करणारा, मुलगा आनंदचे हिंजवडीतले मित्र, सगळ्यांकडे त्या चष्म्यावरून बघत. आम्ही त्यांना पाठीमागे ‘इन्स्पेक्टर’ म्हणायचो. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो, आणि सगळ्यांत जास्त मीच म्हणायचो.

२०१२ च्या उन्हाळ्यात ई-कचऱ्याचा नवा नियम लागू झाला. तोवर आमच्या माळ्यांवर जुने मॉनिटर, बंद पडलेले यूपीएस, मोबाईलच्या फुगलेल्या बॅटऱ्या असा बराच माल साठला होता. दर दोन वर्षांनी नवा कॉम्प्युटर घेणारी मंडळी आमची! तिसऱ्या मजल्यावरची शेफाली एका आयटी कंपनीत होती. तिनं पुढाकार घेतला, फाटकाजवळ मोठी पेटी ठेवली आणि घरोघरी सांगून आली की बॅटऱ्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. महिन्यातून एकदा एक टेम्पो यायचा. हिरवा टी-शर्ट घातलेला बद्रीनाथ नावाचा माणूस सगळं भरून न्यायचा आणि जाताना छापील प्रमाणपत्र द्यायचा. पहिलं प्रमाणपत्र मी फ्रेम करून ऑफिसात लावलं.

सरोजिनीबाईंनी ते दोनदा वाचलं.

“सेक्रेटरीसाहेब, ह्यात वजन कुठं लिहिलंय? नग किती होते? पोचल्याची सही कुणाची?”

“काकू, कचरा आहे तो. दारूगोळा नाही.”

“दारूगोळ्यावर निदान काय आहे ते लिहिलेलं असतं, जी,” त्या म्हणाल्या.

चार दिवसांनी त्या प्रमाणपत्रावरचा पत्ता शोधत पेठेत गेल्या. त्या नंबरला झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानदारानं असल्या कंपनीचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये त्यांनी सगळ्यांसमोर शेफालीला विचारलं, “पोरी, तुझा ह्यात वाटा किती?”

शेफालीचा चेहरा पांढरा पडला. “मी फक्त एका मेलवरून त्यांना बोलावलं, काकू,” ती म्हणाली. कुणीतरी विषय बदलला. पण खरं सांगतो, त्या दिवसापासून आम्हीही शेफालीकडे जरा वेगळ्या नजरेनं बघू लागलो. तिला ते कळत होतं. तिनं जिन्यात थांबून बोलणं सोडून दिलं.

पुढचा टेम्पो यायच्या दिवशी सरोजिनीबाईंनी आनंदचा जुना यूपीएस पेटीत टाकला. त्याआधी आतल्या बॅटरीवर लाल नेलपॉलिशनं एक फुली मारून ठेवली. टेम्पो निघाला तशा त्या कोपऱ्यावर थांबवलेल्या रिक्षात बसल्या. पासष्टीची बाई एकटी टेम्पोचा पाठलाग करते आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

टेम्पो मुख्य रस्ता सोडून कालव्याच्या बाजूनं आत वळला आणि ओढ्याकाठच्या एका पत्र्याच्या शेडपाशी थांबला. बद्रीनाथनं माल ओतला आणि निघून गेला. तासाभरानं, आत माल उघडायला लागल्यावर, सरोजिनीबाई आत गेल्या. चार बायका जमिनीवर बसल्या होत्या. एक जण स्टोव्हवर सर्किटची पाटी तापवून चिमट्यानं तुकडे उपटत होती. दुसरी कोयत्यानं बॅटऱ्या फोडत होती. आतलं शिसं एका बाजूला, अॅसिड ओढ्यात. हाताला मोजे नाहीत, तोंडाला नुसता पदर. कोयतावालीच्या पायाशीच लाल फुलीची बॅटरी पडली होती.

“आजी, काय पायजे?” ती म्हणाली. तिचं नाव शकू.

“तुझं पोट दुखतं का गं?”

शकूचा कोयता थांबला. “तुमाला कुनी सांगितलं?”

“कारखान्यात शिशावर काम करणाऱ्यांचं रक्त तपासत. पोटात कळ, हातापायात जोर नाही, तोंडाला गोडसर चव. असं होतं ना?”

“सरकारी मानूस हाय का तुमी?” शकूनं कोयता उचलून मांडीवर घेतला. “हितं कुनाला काय दुखत न्हाई. जावा तुमी.”

सरोजिनीबाई परतल्या त्या थेट माझ्याकडे आल्या. दुसऱ्या दिवशी मी आणि शेफाली त्यांच्याबरोबर ते बघून आलो. शेफाली ओढ्याच्या काठावर उभी राहून रडली. दर महिन्याला पेटी भरून तीच तर देत होती. त्याच आठवड्यात सरोजिनीबाईंनी मीटिंग बोलवायला लावली आणि उभ्या राहून म्हणाल्या, “चार लोकांत आरोप केला, चार लोकांत परत घेते. ही पोरगी फसली होती. मी चुकले.” शेफालीनं मान हलवली. तिला त्यातून बाहेर यायला बरेच महिने लागले.

आम्ही रीतसर तक्रार केली. अधिकारी आले, पंचनामा झाला, शेडला सील लागलं. बद्रीनाथचा फोन त्या दिवसापासून बंद. मग शेफालीनं परवाना असलेला कारखाना शोधला आणि आम्ही तो बघायला गेलो. तिथे बॅटऱ्या वेगळ्या, तारा वेगळ्या, कामगारांना मोजे-मुखवटे, प्रत्येक खेपेच्या वजनाची पावती. मी खूश झालो.

“आज आपण येणार म्हणून झाडून ठेवलं असेल,” सरोजिनीबाई म्हणाल्या. पंधरा दिवसांनी त्या न सांगता पुन्हा जाऊन आल्या. मगच पेटी फाटकाजवळ परत ठेवू दिली.

ही गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण दिवाळीच्या सुमारास त्या मंडईत गेल्या असताना लसणाच्या ढिगामागं शकू दिसली. जावेच्या शेजारी बसली होती. सरोजिनीबाईंना बघून ती उठली.

“तुमीच ना त्या? पोटाचं इचारून गेला, आन आठ दिसांत आमचं काम गेलं. आमी चौघी कुटं गेलो, इचारलं कुनी?”

नव्हतं विचारलं. आमच्यापैकी कुणीच नाही. तक्रारीत बायकांबद्दल एक ओळ नव्हती.

“नाही विचारलं,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “पोट दुखतं अजून?”

शकूनं हातातला लसूण ढिगावर टाकला. मग म्हणाली, “रातीला लई.”

त्याच दिवशी त्यांनी तिला दवाखान्यात यायला सांगितलं. शकू तयार होईना. ह्या बाईला ह्यात काय मिळतंय, हे तिला कळत नव्हतं. सुई टोचून वर कुठल्या कागदावर अंगठा तर घेणार नाहीत ना, असंही तिनं विचारलं. शेवटी जाऊ सोबत येणार या बोलीवर गेली. रक्तात शिसं प्रमाणाबाहेर निघालं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि ते काम पुन्हा न करण्याची ताकीद दिली. बाकीच्या तिघींपैकी दोघी सापडल्या, त्यांचीही तपासणी झाली. तिसरी कुठं गेली हे शेवटपर्यंत कळलं नाही. सरोजिनीबाई तिच्याबद्दल अजून विचारत फिरतात.

शकूची कळ सहा महिन्यांत थांबली. ती आता मंडईतच बसते. सरोजिनीबाईंशी फारसं बोलत नाही, आभार वगैरे तर नाहीच. पण त्या लांबून येताना दिसल्या की शेजारच्या पोत्यावरची टोपली उचलून खाली ठेवते, म्हणजे त्यांना टेकायला जागा होते.